कागद कोण करतं, सही कोण करतं?

(आयात-निर्यातीच्या कार्यालयांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुंबईतल्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आज इथे दोन तऱ्हेच्या बायका आहेत. निम्म्या जणी माझ्यासारख्या, म्हणजे क्लिअरिंग एजंटाच्या, शिपिंग कंपनीच्या नाहीतर निर्यातदाराच्या कार्यालयात दिवसभर कागद करणाऱ्या. उरलेल्या चळवळीतल्या, ज्यांचा तांदळाशी संबंध रेशनच्या रांगेपासून चुलीपर्यंत. म्हणून मी आधी काम काय असतं ते सांगणार आहे, मग आपलं गाऱ्हाणं. काम कळलं नाही तर गाऱ्हाणं कळत नाही. बाईच्या बहुतेक कामांचं हे असंच आहे.

गेली बावीस वर्षं मी तांदळाचे कागद करते. जगात देशादेशांमध्ये जेवढा तांदूळ विकला जातो, त्यातला साधारण चाळीस टक्के आपला असतो. बेनिन, सेनेगल, आयव्हरी कोस्ट, बांगलादेश असे कितीतरी देश तो घेतात. आपल्या दृष्टीने ही निर्यात. पण समोरच्याची ती आयात असते. तिथल्या आयातदाराला आपल्या कस्टमपुढे जे कागद ठेवावे लागतात, त्यातले बरेचसे इकडून तयार होऊन जातात. इकडे केलेली चूक तिकडे बंदरात उघडी पडते, तेव्हा माल समुद्र ओलांडून गेलेला असतो.

एक उदाहरण धरू. काकिनाडा बंदरातून सेनेगलच्या डाकारला पंचवीस हजार टन कणी जायची आहे. पन्नास किलोची पिशवी, म्हणजे पाच लाख पिशव्या. तुम्ही म्हणाल, कणी? आपल्याकडे कणी पेजेला वापरायची नाहीतर कोंबड्यांना टाकायची. पण सेनेगलमध्ये मासे आणि भाताचा जो ‘चेबू जेन’ करतात, तो कणीचाच चांगला होतो असं तिथे मानतात. फ्रेंचांच्या राजवटीत इंडोचायनातून स्वस्त कणी आणली जाई, ती चव तिथे रुळली. २०२१ साली युनेस्कोने या पदार्थाची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. तो रांधतात अर्थातच बायका. हा तांदूळ शेवटी एका बाईच्या भांड्यात जातो, एवढं ध्यानात ठेवा.

आता कागद. पहिली गोष्ट नावाची. मराठीत शेतातल्या साळीलाही भात म्हणतात आणि ताटातल्या शिजलेल्या भातालाही भातच म्हणतात. कस्टमला असं चालत नाही. जगभर तांदळाचा आकडा १००६ आहे. त्यापुढे १० म्हणजे टरफलासकट भात, २० म्हणजे नुसतं टरफल काढलेला, ३० म्हणजे सडलेला, पॉलिश केलेला, आणि ४० म्हणजे कणी. हे सहा आकडे सगळीकडे सारखे असतात, पुढचे आकडे ज्याचे त्याचे. उकडा तांदूळ आणि साधा पांढरा तांदूळ, दोन्ही सहा आकड्यांपर्यंत १००६३० मध्येच येतात. पण २०२३ साली आपल्या सरकारने पांढऱ्या बिगरबासमतीची निर्यात २० जुलैला बंद केली, आणि उकड्यावर २५ ऑगस्टला वीस टक्के निर्यातशुल्क बसवलं. सहा आकडे एकच, पण एक बंद आणि दुसरा महाग. पुढचे दोन आकडे कोण भरतं? टेबलावरची बाई भरते.

दुसरी गोष्ट बँकेची. एवढ्या मोठ्या सौद्यात खरेदीदार रोख पैसे देत नाही, त्याची बँक एलसी उघडते. अमुक कागद अमुक तारखेपर्यंत आणा, पैसे घेऊन जा, असं ते वचन असतं. जगातल्या बँका यासाठी ‘यूसीपी ६००’ नावाची नियमावली पाळतात, ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचं पाचवं कलम सांगतं की बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. तांदूळ उत्तम असेल, पण कागद चुकला तर बँक पैसे अडवू शकते. माल जहाजावर चढल्यापासून एकवीस दिवसांत कागद बँकेत द्यायचे, एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर. मग तपासायला बँकेला कामाचे पाच दिवस असतात.

इन्व्हॉइसवर मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. एलसीत ‘शंभर टक्के कणी’ असेल आणि आपण नुसतं ‘कणी’ लिहिलं, की बँक ‘डिस्क्रिपन्सी’ म्हणून शेरा मारते. वजनाची गंमत बघा. एलसीत नुसते टन लिहिले असतील तर पाच टक्के कमी-जास्त चालतं. पण ठरावीक इतक्या पिशव्या असं लिहिलं असेल, तर ती सवलत मिळत नाही. पाच लाख म्हणजे पाच लाख. निव्वळ वजन आणि पिशवीसकट वजन यांचाही घोळ होतो. रिकामी पिशवी १२० ग्रॅमची धरली, तर पाच लाख पिशव्यांचे साठ टन होतात. एका कागदावर एक वजन आणि दुसऱ्यावर दुसरं पडलं, तर साठ टन तांदूळ कुठे गेला असा प्रश्न डाकारला उभा राहतो. तो कुठेच गेलेला नसतो. ते पिशव्यांचं वजन असतं.

आणि हेही सांगते, की बाजारभाव चढलेला असला तर खरेदीदार अशा चुका सोडून देतो. भाव पडला की त्याला स्वल्पविरामसुद्धा दिसायला लागतो. तीच चूक दाखवून तो टनामागे दर कमी करून मागतो. म्हणून आमचं काम नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकलं तर लाखांत मोजलं जातं. घरकाम केलेल्या बायकांना हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही.

तिसरी गोष्ट बिल ऑफ लेडिंगची. हा जहाजाचा कागद. माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालाच्या मालकीची किल्ली, असा तिहेरी कागद. आपल्याकडे त्याचा १८५६ सालचा कायदा २०२५ पर्यंत चालत होता, आता त्याच्या जागी नवा कायदा आला आहे. पिशव्या चढत असताना जहाजाचा मुख्य अधिकारी ‘मेट्स रिसीट’ देतो. पिशव्या फाटक्या, ओल्या असतील तर तो तसा शेरा मारतो. तो शेरा बिल ऑफ लेडिंगवर उतरला, तर बँक ते घेत नाही, तिला ‘क्लीन’ बिल हवं असतं. मग काय होतं? निर्यातदार जहाजाला एक हमीपत्र देतो, की तुम्ही शेरा टाकू नका, काही झालं तर आम्ही भरून देऊ. १९५७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गळक्या पिंपांतून संत्र्याचा रस गेला होता आणि बिल मात्र क्लीन होतं. अशा हमीपत्रावर वसुली करता येणार नाही, कारण त्याचा पाया फसवणुकीचा आहे, असा निकाल झाला. इतक्या वर्षांनीही हे हमीपत्र टाइप करायला सांगितलं जातं, आणि सांगितलं जातं ते बहुतेक वेळा तोंडी. “अगं, नेहमीचंच आहे, टाक बनवून.” तारीख मागची टाकायचं कामही असंच येतं. एलसीची मुदत पंधरा तारखेला संपली आणि जहाज सतराला भरलं, की मागणी होते की बिलावर चौदा टाक.

चौथी गोष्ट किडीची आणि विषाची. तांदळाबरोबर ‘फायटो’ लागतं, म्हणजे सरकारी वनस्पती संरक्षण अधिकाऱ्याने दिलेलं किडीपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र. शिवाय धुरीचं प्रमाणपत्र. जहाजाच्या पोटात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून झाकणं बंद करतात, आणि वाटेत त्यातून फॉस्फिन वायू निघत राहतो. धान्यात टाकायच्या ज्या गोळ्यांनी आपल्या खेड्यापाड्यांत जीव गेले, तेच हे औषध. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, किती तास, हे त्या कागदावर असतं. महिनाभराच्या आसपासच्या प्रवासानंतर डाकारला झाकण उघडणारा हमाल हा कागद वाचत नाही. पण वायू निघून गेल्याची खात्री केल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही, हे तिथल्या लोकांना या कागदावरूनच कळतं. त्यावर तारीख किंवा मात्रा अंदाजाने टाकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता माल पोहोचला. आयातदाराला मूळ बिल ऑफ लेडिंग दाखवून डिलिव्हरी ऑर्डर घ्यायची असते, मग कस्टमला घोषणापत्र द्यायचं असतं. त्याला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उत्पत्तीचं प्रमाणपत्र, फायटो, धुरी, वजन आणि दर्जाचे दाखले, विमा हे सगळं लागतं. सेनेगलसह पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांना जहाजावरच्या मालाचा माग सांगणारी आगाऊ नोंदही लागते, तिला सेनेगलमध्ये फ्रेंच आद्याक्षरांवरून ‘बीएससी’ म्हणतात. तिथल्या देशांच्या समाईक दराने तांदळावर दहा टक्के आयातशुल्क आहे, आणि ते मालाची किंमत, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर लागतं. इन्व्हॉइसवर भाड्याचा आकडा चुकला की शुल्क चुकतं. एखादा कागद जुळला नाही की जहाज उभं राहतं. जहाज अडकवल्याबद्दल रोजचा डेमरेज भरावा लागतो. दिवसाला पंधरा हजार डॉलर धरा, चार दिवसांचे साठ हजार झाले. पंचवीस हजार टनांवर वाटले तर टनाला जवळजवळ अडीच डॉलर. हा पैसा आयातदार खिशातून घालत नाही. तो तांदळाच्या भावात जातो आणि बाजारात पिशवी घेऊन आलेल्या बाईकडून वसूल होतो. मला ती बाई माहीत नाही, तिला मी माहीत नाही. पण माझा कागद तिच्या चुलीपर्यंत जातो.

हे सगळं किती बारकाव्याचं असतं ते २०२३ च्या जुलैत दिसलं. २० जुलैला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली ती त्याच दिवसापासून लागू. त्यात सूट होती ती अशा मालाला, ज्याचं भरणं आधी सुरू झालं होतं. किंवा शिपिंग बिल भरलेलं होतं, जहाज बंदरात येऊन थांबलेलं होतं आणि त्याला रोटेशन नंबर मिळालेला होता. किंवा माल कस्टमच्या ताब्यात जाऊन त्यांच्या यंत्रणेत नोंदला गेला होता. म्हणजे हजारो टन तांदूळ सुटणार की अडकणार, हे एका नोंदीच्या तारखेवर ठरत होतं. त्या आठवड्यात आमच्या आणि आजूबाजूच्या कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू होते. फायली उपसून शिपिंग बिलाचा नंबर, तारीख, गेटमधली नोंद शोधणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. कारण कुठली फाइल कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक होतं. ज्यांचा माल सुटला त्यांच्याकडून नंतर पेढे आले. ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

इथून आपलं गाऱ्हाणं सुरू होतं.

कस्टमचे कागद आता आइसगेट या संकेतस्थळावरून जातात आणि त्यावर डिजिटल सही लागते. ही सही एका छोट्या टोकनमध्ये असते, संगणकाला लावायच्या. ज्याच्या नावाचं टोकन, त्याची सही. प्रत्यक्षात टोकन कुठे असतं? बाईच्या टेबलाच्या खणात. पासवर्ड तिच्या वहीत. साहेब बाहेरगावी असतात आणि त्यांच्या नावाने सह्या होत राहतात. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो, की ज्याची सही त्याने तिची किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची काळजी घ्यायची. पण सोय म्हणून सगळे डोळे मिटतात. काम तिचं, नाव त्यांचं. आपल्याला वाटतं, बरं आहे, सही आपली नाही म्हणजे जबाबदारीही नाही.

इथेच फसगत आहे. १९६२ च्या कस्टम्स कायद्यात ११४ एए हे कलम २००६ साली आलं. जाणूनबुजून खोटा किंवा चुकीचा कागद जो करतो, त्यावर सही करतो किंवा तो वापरतो, त्याला मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शब्दांचा क्रम बघा: करतो, सही करतो, वापरतो. पहिला उल्लेख कागद करणाऱ्याचा आहे. म्हणजे दंडाच्या वेळी कायद्याला कागद करणारी बाई दिसते. पगाराच्या वेळी ती कार्यालयाला दिसत नाही. तिथे ती ‘टायपिस्ट’, ‘ऑफिस असिस्टंट’, नाहीतर नुसती ‘मुलगी’ असते. “मुलगी बघून देईल,” असं म्हणतात, मुलगी पन्नाशीची असली तरी.

आणि अचूकपणाचं काय? “बायका कशा, बारीक लक्ष देतात,” असं कौतुक होतं. जन्मतः मिळालेला गुण असला की त्याचा पगार द्यावा लागत नाही, एवढाच त्या कौतुकाचा अर्थ. १००६ पुढचे आकडे आणि यूसीपीची कलमं मी आईच्या पोटातून शिकून आले नाही. ते वर्षानुवर्षं वाचून, विचारून, बँकेत खेपा घालून शिकलेलं कसब आहे.

कागदावरच्या नावाचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा प्रश्न जमिनीच्या कागदावर बाईच्या नावाचा होता. राबते ती, नाव त्याचं. आमचं शेत कागदाचंच आहे, तेवढाच फरक.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते.

पहिलं, कार्ड. २०१८ च्या कस्टम्स ब्रोकर नियमांप्रमाणे एजंटाच्या नोकरांना ओळखपत्रं मिळतात. ‘एच’ कार्ड म्हणजे फक्त मदतनीस. कस्टमची परीक्षा पास झाली की ‘जी’ कार्ड मिळतं, आणि मालकाने अधिकार दिला की जी कार्डवाली बिल ऑफ एंट्रीवर, शिपिंग बिलावर सही करू शकते. त्यापुढे ब्रोकर व्हायचं तर राष्ट्रीय अकादमीची लेखी आणि तोंडी परीक्षा असते. ज्या प्रश्नांची उत्तरं आपण रोज टेबलावर देतो, तेच प्रश्न परीक्षेत येतात. कार्यालय नाव पाठवत नसेल तर लेखी अर्ज करा, पोच घ्या. दोघी-तिघी मिळून अभ्यास करा.

दुसरं, टोकन. दुसऱ्याच्या नावाची सही आपल्या हातांनी करू नका. एकदम नकार देणं कठीण असतं, हे मला कळतं. निदान प्रत्येक वेळी चेकलिस्ट साहेबांना पाठवा आणि त्यांचं ‘ठीक आहे’ लेखी आल्यावरच पुढे जा.

तिसरं, तोंडी हुकूम. मागची तारीख, न मारलेला शेरा, अंदाजाने टाकलेलं वजन, अशा गोष्टी कुणी सांगितल्या तर वाद घालत बसू नका. एकच वाक्य म्हणा: “सर, हे मला मेलवर लिहून द्या.” माझ्या अनुभवात दहातल्या आठ मागण्या या एका वाक्याने परत जातात. उरलेल्या दोनांच्या वेळी आपण एकट्या नसलो पाहिजे, म्हणून हा मेळावा.

चौथं, रात्र. जहाज रात्री भरून संपतं आणि कागद तेव्हाच हवे असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर तिची सुरक्षितता आणि घरी पोहोचवणं ही मालकाची जबाबदारी. लहान कार्यालयं या कायद्याच्या बहुतेक कलमांतून सुटतात, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणी तिथेच असतात. म्हणून गाडीचं बोलणं कामाला लागतानाच करून घ्या. जहाज उभं असताना ते कुणी ऐकत नाही.

पाचवं, वही. आपण केलेल्या प्रत्येक शिपमेंटची नोंद स्वतःजवळ ठेवा: तारीख, बंदर, टन, आपण काय तपासलं, कुठली चूक पकडली. मालकाच्या गुप्त गोष्टी नकोत, फक्त आपलं काम. पगारवाढीला बसताना “मी खूप काम करते” म्हणण्यापेक्षा “या वर्षी एकही कागद बँकेने परत पाठवला नाही” हे म्हणणं जड असतं.

माझं जी कार्ड मला कामाला लागल्यावर दहा वर्षांनी मिळालं. त्यानंतर पगार फारसा वाढला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण एक फरक पडला. कस्टम हाउसमध्ये कुणी “साहेब कुठे आहेत?” असं विचारलं, की मी म्हणते, “या कागदावर सही माझी आहे. काय विचारायचं ते मला विचारा.”

आता तुम्ही विचारा. ज्यांच्या खणात दुसऱ्याचं टोकन आहे, त्यांनी आधी विचारा.